पास कोणी दिला?

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाबरोबर मी चार वर्षं होते, आणि त्या चार वर्षांत एकही मॅच खेळले नाही. दचकू नका. मी स्कोअरर होते. मैदानाच्या कडेला एक लाकडी टेबल, त्यावर घड्याळ, शिट्टी आणि स्कोअरशीट, आणि त्या शीटपुढे मी. जाड भिंगाचा चष्मा आणि दोन वेण्या.

१९६७ च्या जूनमध्ये मी एस. पी. कॉलेजात आले. तेव्हा अकरावीला एस.एस.सी. असायची. मग एक वर्ष पी.डी., म्हणजे प्री-डिग्री, आणि पुढे एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. सदाशिव-नारायण पेठेतल्या आम्हा मुलींना कॉलेज म्हणजे एस.पी. जवळचं, ओळखीचं, आणि घरच्यांना चालणारं. १९१६ साली ते 'न्यू पूना कॉलेज' म्हणून सुरू झालं. पुढे जमखंडीच्या पटवर्धनांच्या देणगीमुळे सर परशुरामभाऊंचं नाव लागलं. आमच्या तोंडी मात्र फक्त 'एस.पी.'.

आमच्या जिमखान्याच्या सरांनी मला स्कोअरशीटवर बसवलं त्याला कारणं दोन. माझं अक्षर बरं होतं आणि बेरीज चुकत नव्हती. माझं सगळं शिक्षण मराठीतून, बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातूनच केलं. पण ते शीट इंग्रजी. फाऊल, टाइम आउट, फ्री थ्रो हे शब्द मी इंग्रजीच्या तासाला नाही, त्या टेबलावर शिकले.

ज्यांनी शीट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डावीकडे खेळाडूंची नावं, नंबर आणि फाऊल लिहायचे चौकोन. उजवीकडे १ पासून पुढे छापलेल्या आकड्यांच्या उभ्या रांगा. बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. फ्री थ्रो झाला तर टिंब. मॅच संपली की कोणी किती गुण केले, कोणी किती फाऊल केले, सगळं एका कागदावर. पन्नास वर्षांनी तो कागद हाती लागला तरी अख्खी मॅच वाचता येईल असं मला तेव्हा वाटायचं.

नंतर लक्षात आलं की तसं नसतं. त्या कागदावर शेवटचा हात कोणाचा एवढंच असतं. त्या हातात चेंडू कोणी आणून दिला ते कुठेच लिहीत नाहीत.

हे लक्षात येण्याचं कारण म्हणजे आमच्या संघातली सात नंबर.

तिचं नाव लिहीत नाही. तिच्या घरचे नको म्हणणार नाहीत, पण ती असती तर "कशाला गं?" म्हणाली असती. म्हणून सात नंबरच म्हणू या. ती माझ्याच वर्गात, नारायण पेठेत दोन वाडे सोडून राहायची. सायकल एकच, माझ्या भावाची. डबलसीट जायचं आणि पोलीस दिसला की मागच्या मुलीनं उतरून शहाण्यासारखं चालू लागायचं. हा त्या काळच्या पुण्याचा रिवाज होता, जुन्या मंडळींना आठवत असेल.

घरून निघताना ती पाचवारी साडीत असायची. कॉलेजात पोचल्यावर मुलींच्या खोलीत पांढरी सलवार-कमीज चढवायची आणि खेळून झालं की पुन्हा साडी. तिच्या आजीची तेवढीच अट होती. "काय धुडगूस घालायचा तो तिकडे घाला, वाड्याच्या दारातून आत येताना साडीत यायचं." कॅनव्हासचे बूट आम्ही ओल्या खडूनं पांढरे करायचो. मैदान मातीचं, रेघा चुन्याच्या. रिंगला जाळी असली तर असली. जाळी नसताना चेंडू रिंगमधून गेला की बाहेरून, यावर वाद व्हायचे आणि दोन्ही संघ माझ्या टेबलाकडे धावत यायचे. मी रेफरीकडे बोट दाखवायचे.

सात नंबर उंच नव्हती. नेमही बेताचाच. पण चेंडू तिच्याकडे आला की मैदानाचा नकाशा बदलायचा. कोण कुठे मोकळं आहे हे तिला आधीच ठाऊक असायचं. तिची मान सदैव वर. ही सरांची शिकवण. एरवी नवशिक्या मुली चेंडू आपटताना त्याच्याकडेच बघत राहतात. सर ओरडायचे, "मान वर ठेव! चेंडू काय पळून जातोय? समोर बघ!" बाकीच्यांना हे रोज ऐकावं लागायचं, तिला पहिल्या महिन्यानंतर कधीच नाही.

आणि मॅच संपल्यावर माझ्या शीटवर तिच्या नावापुढे काय असायचं? दोन. चार. पुष्कळदा शून्य. फाऊल मात्र तीन-चार, ते व्यवस्थित नोंदलेले.

मला हे बरं वाटेना. मग एके दिवशी मी बास्केट झाली की पास देणारीच्या नंबरापुढे पेन्सिलीनं बारीक टिंब काढायला लागले. सरांच्या ते नजरेला आलंच. म्हणाले, "हे काय? शीट स्वच्छ पाहिजे. फ्री थ्रो समजेल कोणी." मी कारण सांगितलं. ते थोडा वेळ टिंबांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग तुझ्या वहीत काढ. पण काढ."

तेव्हापासून एक शंभर पानी वही माझ्या पिशवीत आली. १९६९ सालची एक मॅच मला आकड्यांसकट पाठ आहे. आम्ही २८, समोरच्या २५. आमच्या तेरा बास्केट आणि दोन फ्री थ्रो. शीटवर सात नंबरपुढे शून्य आणि चार फाऊल. वहीत सात नंबरपुढे अकरा टिंबं. तेरातल्या अकरा बास्केट तिच्या पासवर झालेल्या! दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फळ्यावर अभिनंदन लागलं ते चौदा गुण करणाऱ्या आमच्या उंच मुलीचं. तीही गुणी मुलगी होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण अकरा टिंबांचं मी सोडून कोणाला माहीत नव्हतं. सात नंबरला वही दाखवली तर म्हणाली, "अय्या, हे मोजतेस होय? वेडी आहेस."

एस.वाय.ची परीक्षा झाली आणि १९७० च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. सोलापूरला गेली. बी.ए. तिनं पुढे बाहेरून पूर्ण केलं. मी टी.वाय.लाही टेबलावर बसत होते, पण वहीत टिंबं फारशी पडेनात. १९७१ ला मी बी.ए. झाले, मग बी.एड., आणि १९७२ च्या जूनपासून शाळा. आम्ही दोघी इनलँड पत्रं लिहायचो. मुलंबाळं, दुखणी, लोणच्याचं प्रमाण, सगळं त्यांत असायचं. बास्केटबॉल नसायचा. वाडा पाडून इमारत झाली त्या गडबडीत माझ्या वह्या रद्दीत गेल्या. २०२२ मध्ये सात नंबर गेली. तिच्या मुलानं फोन केला, "मावशी, आई गेली." त्यापुढे काय बोलणं झालं ते आठवत नाही.

निवृत्तीनंतर नातवानं इंटरनेट शिकवल्यापासून मला नसत्या गोष्टी वाचायची चटक लागली आहे. त्यात या खेळाच्या जन्माची हकीगत वाचली. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या शिक्षण संस्थेत जेम्स नाइस्मिथ नावाचे एक मास्तर होते. हिवाळ्यात मुलांना घरात खेळता येईल असा खेळ शोधा, असं त्यांना वरून सांगण्यात आलं. (मास्तरांना सगळीकडे असंच सांगतात.) त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि डिसेंबर १८९१ मध्ये नऊ-नऊ मुलांचे दोन संघ खेळवले. गंमत पुढे आहे. त्या मूळ नियमांत चेंडू घेऊन पळायला बंदी होती. जिथे चेंडू पकडला तिथूनच तो टाकायचा. आपटत नेणं, म्हणजे ड्रिबल, हे नंतर आलं. म्हणजे मुळात हा खेळच पास देण्याचा! पण त्या पहिल्या सामन्यात एकच बास्केट झाली, १-०, आणि इतिहासात नाव राहिलं ते ती टाकणाऱ्या विल्यम चेसचं. वाचून मला हसू आलं. म्हटलं, पहिल्या दिवसापासून हे असंच चाललंय.

बायकांचा खेळही लगेच सुरू झाला. १८९३ मध्ये तिथल्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी मुलींचा सामना खेळवला. मुलींना दमणूक नको म्हणून मैदानाचे तीन भाग केलेले आणि ज्या भागात उभं केलं तो सोडून जायचं नाही. चेंडू हिसकावायचाही नाही. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ ला आलं, बायकांचं १९७६ ला, माँट्रियलला. म्हणजे आमची सात नंबर खेळत होती तेव्हा जगात कुठेच बाईला ऑलिम्पिकचं बास्केटबॉल नव्हतं. त्या तीन भागांबद्दल वाचताना मला नारायण पेठेतला तो वाडा आठवला. साडीतला भाग, सलवारीतला भाग, आणि सोलापूर. एकातून दुसऱ्यात काही न्यायचं नाही.

असो. फार लांबण लागली. आता मूळ गोष्टीकडे येते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये सोलापूरहून सात नंबरच्या मुलाचा फोन आला. त्याची धाकटी मुलगी पुण्यात शिकायला आली होती. एस.पी.तच. आईची जुनी ट्रंक आवरताना त्यांना एक फोटो सापडला. दोन रांगांत मुली, पुढे चेंडू, आणि एका टोकाला चष्म्याची मुलगी छातीशी वही धरून उभी. मागे दगडी इमारत. नातीनं इमारत ओळखली. "मावशी, ही चष्म्यातली तुम्हीच ना? आणि आई त्यात काय करतेय?"

मंडळी, पन्नासहून जास्त वर्षं संसार झाला आणि पोटच्या पोराला माहीत नव्हतं की आई खेळायची! गंमत अशी की ही नात स्वतः शाळेपासून बास्केटबॉल खेळते. आजीनं तिला बूट घेऊन दिले, मॅचच्या दिवशी दही-साखर हातावर ठेवली, पण मीही खेळायचे, हे एकदाही सांगितलं नाही.

सप्टेंबरमध्ये नातीचाच फोन आला. "आजी, आमची आंतरमहाविद्यालयीन मॅच आहे, आपल्याच ग्राउंडवर. याल?" तो 'आपल्या' शब्द ऐकून मी लगेच हो म्हटलं. गुडघ्यांना नंतर विचारलं.

कोथरूडहून रिक्षानं टिळक रोडला उतरले. सकाळी पाऊस होऊन गेला होता. कोर्ट आता सिमेंटचं आहे. त्यावर साचलेलं पाणी दोन्ही संघांच्या मुली मिळून पोत्यांनी आणि फडक्यांनी टिपत होत्या. हे दृश्य मला फार आवडलं. थोड्याच वेळात एकमेकींना धक्के देणार होत्या, पण आत्ता एकीच्या हातात पोत्याचं एक टोक, दुसरीच्या हातात दुसरं. एका मुलीनं मला प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली आणि मी नकळत ती स्कोअररच्या टेबलाजवळ सरकवून घेतली.

खेळ पुष्कळ बदललाय. आमच्या वेळी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आता दहा-दहाचे चार. चेंडू हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत टाकावाच लागतो, तेव्हा तीस होते. बायकांचा चेंडू २००४ पासून थोडा लहान केलाय. आमच्या मुली पुरुषांच्याच मापाचा खेळायच्या. आणि ती लांबची कमान! तिच्याबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण. हा नियम आंतरराष्ट्रीय खेळात १९८४ ला आला, आणि २०१० पासून ती कमान पावणेसात मीटरवर गेली आहे. मुली बिनदिक्कत अर्ध्या चड्ड्यांत खेळत होत्या. त्यांना बघायला आलेल्या आया खुर्च्यांवर बसून शेंगदाणे खात होत्या आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हे सगळ्यात मोठं बदललंय.

टेबलावरचं शीट मी वाकून पाहिलं. तिरकी रेघ आहे, टिंब आहे. पास देणारीला रकाना अजून नाही.

पण टेबलापलीकडे एक मुलगा मोबाइलवर सारखं बोट मारत होता. म्हटलं, मॅच बघायची सोडून काय खेळतोयस? तो म्हणाला, "आजी, मी टीमचे स्टॅट्स घेतोय. रिबाउंड, स्टील, असिस्ट." असिस्ट म्हणजे काय ते त्यानं मला समजावून सांगितलं. ज्या पासवर लगेच बास्केट होते तो पास. अमेरिकेत व्यावसायिक लीगमध्ये १९४६ पासून हे मोजतात. म्हणजे मी १९६८ मध्ये शोध लावला असं जे मला वाटत होतं, तो बावीस वर्षं आधीच लागलेला होता! पण राग नाही आला. उलट, त्या मुलाच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. म्हटलं, आला बाई रकाना.

आता नातीबद्दल. ती आजीसारखी खेळत असेल या आशेनं मी गेले होते. अजिबात नाही! ही उंच, लांब हातांची, आणि चेंडू मिळाला की टाकलाच. कमानीबाहेरून नऊ वेळा टाकला, दोनदा गेला. एक फ्री थ्रो. एकूण सात गुण. आजीनं सबंध वर्षात एवढे केले असतील की नाही कोण जाणे. चुकलं की ही जोरात स्वतःच्याच मांडीवर थाप मारायची. आजी चुकली तर जीभ चावायची. म्हटलं, बरंच आहे. प्रत्येकीनं आपापलं खेळावं.

तिसऱ्या डावात मात्र एक गोष्ट झाली. नात चेंडू आपटत उजव्या बाजूनं आत शिरली. दोघी तिच्या अंगावर आल्या. आता ही टाकणार असंच सगळ्यांना वाटलं. पण तिची मान वर होती. पलीकडे रिंगखाली एक बुटकी मुलगी एकटीच उभी होती. तिला स्वतःलाही ती मोकळी आहे हे कळलं नसावं. नातीनं चेंडू दोघींच्या मधून एका टप्प्यात थेट तिच्या हातांत दिला. अगदी ताटात वाढल्यासारखा. त्या मुलीनं टाकला. चेंडू रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला.

खुर्च्यांवरून "अरेरे" झालं. मी मुलाच्या मोबाइलकडे पाहिलं. त्यानं रिंगखालच्या मुलीचा एक चुकलेला शॉट नोंदवला आणि पुढे बघू लागला. मी विचारलं, "आणि तो पास?" म्हणाला, "आजी, बास्केट झाली तरच असिस्ट."

नियम बरोबरच आहे म्हणा. मोजायचं तर कुठेतरी रेघ मारावी लागते. पण मी पर्समधून डॉक्टरांच्या औषधांचा कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक टिंब काढलं. चौथ्या डावात तिनं असाच आणखी एक पास दिला. तोही वाया गेला. दुसरं टिंब. आम्ही ३८-४१ हरलो.

मॅचनंतर नात टॉवेलनं तोंड पुसत आली आणि आम्ही कँटीनमध्ये जाऊन बसलो. ती हरल्याच्या रागात होती. दोन वडे खाल्ल्यावर उतरली. मग म्हणाली, "आजी, माझी आजी कशी खेळायची हो? घरात कोणालाच माहीत नाही. पप्पा म्हणतात, फोटोपुरती उभी राहिली असेल."

आता काय सांगायचं? पुरावा म्हणाल तर कॉलेजच्या कागदावर शून्य गुण आणि चार फाऊल, तोही कागद आज कुठे असेल कोणास ठाऊक. माझी वही रद्दीत. मी तिला ती १९६९ ची मॅच सांगितली. तेरा बास्केट, दोन फ्री थ्रो, आणि अकरा टिंबं. टेबलावर पाण्यानं रेघा ओढून कोण कुठे उभं होतं ते दाखवलं. तिचा चहा निवला.

"अकरा?" ती म्हणाली. "एका मॅचमध्ये अकरा असिस्ट?"

"आम्ही टिंबं म्हणायचो."

ती बराच वेळ गप्प बसली. मग सांगायला लागली. सोलापूरच्या अंगणात ती एकटी चेंडू आपटायची तेव्हा आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची. ताटातून डोळे न काढता म्हणायची, "मान वर ठेव गं. चेंडू काय पळून जातोय? समोर बघ." रोज. इतकी वर्षं. "मला वाटायचं, अशीच सगळ्या आज्यांसारखी कटकट. पोक काढून चालू नकोस म्हणतात ना, तसं."

मला काही बोलताच येईना. ते वाक्य मी शेवटचं ऐकलं होतं ते इथे, याच मैदानावर, सरांच्या तोंडून. सर कधीच गेले. सात नंबरनं ते साडीच्या घडीत गुंडाळून सोलापूरला नेलं आणि बावन्न वर्षं सांभाळलं. कुठून आणलं ते सांगितलं नाही, पण ज्या हातांना द्यायचं त्या हातांत नेमकं दिलं. तिच्या नेहमीच्या पद्धतीनं. देताना स्वतः चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही.

मी नातीला एवढंच म्हटलं, "ते वाक्य आमच्या सरांचं. या ग्राउंडवरचं आहे." तिनं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "आज माझी टिंबं किती?" हाडाची खेळाडू!

"त्या मुलाच्या मोबाइलवर शून्य," मी म्हटलं. "माझ्याकडे दोन." आणि औषधांचा कागद दाखवला.

"पण त्या बास्केट तर गेल्या नाहीत."

"पास तर गेले ना?"

मी सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, २००९ मध्ये निवृत्त झाले. प्रगतिपुस्तकं किती भरली त्याला गणती नाही. गुणांच्या रकान्यात गुण भरायचे, ते कधी माझ्या मनानं वाढवले नाहीत. पण शेवटी 'शेरा' म्हणून दोन बोटं जागा असते. बहुतेक शिक्षक तिथे 'समाधानकारक' लिहून मोकळे होतात. मी त्या जागेत पुष्कळदा वेळ घालवायचे. एक मुलगा होता, बावन्न टक्क्यांच्या वर कधी गेला नाही, पण बाकावरच्या शेजाऱ्याला त्रैराशिक त्यानं शिकवलं आणि तो शेजारी पास झाला. ते मी शेऱ्यात लिहिलं. "शेजाऱ्यास शिकवतो." वडील भेटायला आले, त्यांना वाटलं वर्गात बोलतो अशी तक्रार आहे! त्यांना समजावताना माझ्या डोळ्यांपुढे एस.पी.चं मातीचं मैदान होतं. शेरा लिहायची सवय मला त्या शंभर पानी वहीनं लावली, हे त्यांना कुठे सांगत बसू?

नातीच्या वडिलांना मी त्याच रात्री सविस्तर पत्र लिहिलं. हो, पत्रच, पोस्टानं. तुमची आई फोटोपुरती उभी नव्हती, असं पहिलंच वाक्य. अकरा टिंबं ओळीनं काढून दाखवली आणि खाली 'स्कोअरर' म्हणून सही केली. पन्नास वर्षांपूर्वी शीटवर करायचे तशीच, तारखेसकट. त्यांनी ते पत्र फ्रेम करून फोटोशेजारी लावलंय, असं नात सांगते. मला ते जरा जास्तच वाटलं, पण राहू दे.

त्यानंतर मी तिच्या पुण्यातल्या मॅचना जमेल तशी जाते. नवी शंभर पानी वही घेतली आहे. बास्केट झालेल्या पासला भरीव टिंब, न झालेल्याला पोकळ. मोबाइलवाल्या मुलानं ही पद्धत विचारून घेतली, पण ॲपमध्ये तशी सोय नाही म्हणाला. मी म्हटलं, मग तुझ्या वहीत काढ. नात मात्र अजून कमानीबाहेरूनच टाकते. अलीकडे नवातले तीन जातात.

कोणाला यायचं असेल तर जरूर या. टिळक रोडच्या बाजूनं आत आलात की शिट्ट्या ऐकू येतील. पावसाळ्याचे दिवस असतील तर छत्री आणि एखादं जुनं फडकं बरोबर असू द्या, कोर्ट पुसायला उपयोगी पडतं.